वन पीस बघताय? मग आधी कोण रडत नाही ते बघा

वन पीस म्हणजे लफी नावाच्या पोराची आणि त्याच्या समुद्री चाच्यांच्या क्रूची जपानी ॲनिमे (कार्टून) मालिका, आणि एस म्हणजे लफीचा मानलेला भाऊ. परवा एका ओळखीच्या मुलाने विचारलं, दादा तो एस मरतो तो एपिसोड कितवा, तेवढाच बघतो, सगळे रडतात ना त्याला. मी नंबर सांगून टाकला, ४८३. तासाभराने त्याचा मेसेज आला, "ठीक होता". आता ठीकच असणार ना, ओळख ना पाळख, कोणीतरी आगवाला माणूस कोणाच्या तरी मिठीत मरतोय, आपल्याला त्याचं काय. चूक त्याची नाही, माझीच, नुसता नंबर देऊन मोकळा झालो. म्हणून हे नीट सांगतो, ज्यांना वन पीस मारामारीपेक्षा त्यातल्या माणसांसाठी बघायचंय त्यांनी कसं बघायचं. स्पॉयलर भरपूर आहेत, आत्ताच सांगून ठेवतो, ज्यांना चालत नाही त्यांनी इथूनच परत फिरा.

आधी आकड्यांची भीती काढून टाका. मांगा, म्हणजे मूळ कॉमिक, सुरू झाली जुलै १९९७ मध्ये, ॲनिमे ऑक्टोबर १९९९ मध्ये, आणि एपिसोड ११०० च्या वर गेलेत. हे सगळं एका सुट्टीत संपवायचं असं कोणी ठरवत असेल तर नका करू, डोकं बधिर होतं आणि मग फ्लॅशबॅक आला की हात आपोआप स्किपकडे जातो. एक आर्क, म्हणजे गोष्टीचा एक टप्पा, संपला की दोन-चार दिवस जाऊ द्या. ऑडिओ जपानीच ठेवा आणि खाली सबटायटल, कारण लफीचा आवाज पहिल्या दिवसापासून मायुमी तानाका देतात आणि त्या बाईंनी लफीला जे रडवलंय ते ऐकायलाच हवं.

आता मुद्द्याचं. आपल्याकडे "मोकळं होणं" म्हणजे सुटणं, बंधन जाणं, आणि "रडून मोकळा हो" म्हणजे आत साठलेलं बाहेर काढ. दोन्हीला शब्द एकच. वन पीस लिहिणाऱ्या ओडाने मराठी काही वाचलं नसणार, पण त्याची अख्खी गोष्ट या एका शब्दावर चालते असं मला आता वाटतं. यात जो कोणी कोणाच्या ताब्यात आहे, साखळीत आहे, कर्जात आहे, तो रडत नाही. रडू शकत नाही, किंवा रडायची परवानगी नाही, किंवा स्वतःच ठरवलंय की नाही रडायचं. आणि ज्या क्षणी तो तोंड वाकडं करून, नाक गळेपर्यंत रडतो, त्या क्षणी त्याची सुटका सुरू झालेली असते, मारामारी नंतर होते. त्यामुळे नवीन माणूस आला की त्याची पॉवर काय, बाउंटी (डोक्यावरचं बक्षीस) किती हे राहू द्या, हा कधीपासून रडला नाहीये ते शोधा.

सुरुवात लफीच्या क्रूतल्या नामीपासून करा, म्हणजे पहिले तीसेक एपिसोड बघून मग ३१ ते ४४, आर्लाँग पार्क. यातले ३५ आणि ३६ हे दोन अजिबात घाई न करता बघा. बेलमेर ही नौदलातली बाई, रणांगणावर तिला एक लहान मुलगी सापडते आणि त्या मुलीच्या हातात एक तान्हं बाळ, नोजिको आणि नामी. तिघींचं रक्ताचं नातं काहीच नाही. घरात पैसा नाही, संत्र्यांची बाग तेवढी आहे, जेवण कमी पडलं की बाई म्हणते मी डाएटवर आहे आणि संत्रं खाऊन झोपते. आणि मग आर्लाँग हा चाचा येतो, खंडणी मागतो, मोठ्या माणसाच्या जिवाचे एक लाख बेरी (तिथलं चलन), पोराचे पन्नास हजार. बेलमेरकडे जेमतेम लाखभर. गावकरी म्हणतात तुझे तू भर, पोरींना आम्ही लपवून बाहेर काढतो, कागदोपत्री तुला मुलंच नाहीत. इथे एक फ्रेम आहे ती चुकवू नका, टेबलावर ताटं तीन मांडलेली आहेत. त्याच दिवशी नामी तिच्याशी भांडून, तू माझी खरी आई नाहीस म्हणून घराबाहेर गेलेली असते आणि बाईने समजूत घालायला छान जेवण केलेलं असतं. ती तीन ताटं हाच पुरावा. आणि ती पैसे देते ते पोरींचे म्हणून देते, कारण स्वतःचे भरले असते तर या माझ्या मुली नाहीत असं तोंडाने म्हणावं लागलं असतं. आई म्हणवून घ्यायची किंमत तिने भरली. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं अगं बाई, खोटं बोल ना, जीव वाचव, नंतर पोरींना भेटशील. दुसऱ्यांदा बघताना तसं वाटलं नाही.

त्यानंतर नामी ठरवते की आता रडायचं नाही. आठ वर्षं आर्लाँगसाठी नकाशे काढते, चोऱ्या करते, दहा कोटी जमवून गाव विकत घ्यायचं म्हणून, ९ कोटी ३० लाखांपर्यंत येते आणि नौदलाचाच एक भ्रष्ट अधिकारी येऊन सगळं उचलून नेतो. मग ३७ वा एपिसोड. दंडावरच्या आर्लाँगच्या टॅटूवर ती सुरा खुपसत राहते, लफी हात धरतो, आणि ती पहिल्यांदा मदत माग​ते. इथे अजून एक बघा, थोडं आधी नोजिको सगळ्यांना नामीची गोष्ट सांगायला बसते तेव्हा लफी उठून चालायला निघून जातो, तिच्या भूतकाळात मला इंटरेस्ट नाही म्हणतो. म्हणजे आपल्याला सगळं माहिती आहे आणि त्याला काहीही माहिती नाही. तरी तो डोक्यावरची टोपी काढून तिच्या डोक्यावर ठेवतो. कारण विचारत नाही, ती रडतेय एवढं त्याला पुरे. हे एकदा लक्षात आलं की लफी मूर्ख आहे की काय हा प्रश्न पुढे कधी पडत नाही (पडतो, पण वेगळ्या कारणांसाठी).

स्किप काय करायचं ते पटकन सांगतो. फिलर, म्हणजे मूळ मांगात नसलेले एपिसोड, आहेत, ५४ ते ६१ सरळ सोडलेत तरी चालतं. जी-८ वाला, १९६ ते २०६, तो फिलर असूनही मस्त आहे, बघा. पण फिलर उडवायच्या नादात लोक ५४ वरून जरा जास्तच पुढे उडी मारतात आणि ६२-६३ गाळतात, देवमाशाचे ते एपिसोड. नका गाळू. लाबून नावाचा देवमासा, पन्नास वर्षं आपल्या चाच्यांची वाट बघत डोंगरावर डोकं आपटतोय. लफी त्याच्याशी भांडण काढतो, आपली मॅच बरोबरीत सुटली, मी परत येतो मग बघू असं म्हणून त्याच्या डोक्यावर वेडंवाकडं निशाण रंगवतो, आता हे पुसलं जाऊ नये म्हणून तरी डोकं आपटू नकोस. तेव्हा हे गमतीचं वाटतं. सोडून द्या तसंच, डोक्याच्या कोपऱ्यात.

मग तीनशे एपिसोड जातात. आणि धुक्यात एकट्या जहाजावर एक सांगाडा भेटतो, ब्रूक, सतत विनोद करणारा, डोळे नसताना डोळे भरून आले म्हणणारा. ३७८ ते ३८० मध्ये कळतं की लाबून ज्यांची वाट बघतोय त्यांच्यातला उरलेला हा एकटाच. विष चढलेला अख्खा क्रू शेवटचं गाणं वाजवायला बसतो, देवमाशाला ऐकवायला शंखात रेकॉर्ड करतात, आणि गाणं चालू असताना एकेक वाद्य बंद होत जातं. कोणी पडताना दाखवायची गरजच नाही, तुम्ही कानांनी मोजता, आता चार, आता तीन, आता दोन. हेडफोन लावा इथे. तो शंख ब्रूकने कवटीत जपून ठेवलाय, आणि आफ्रो जपलाय कारण मांस-कातडं गेलं तरी केसांवरून लाबून ओळखेल. एवढं सगळं कळल्यावर लफी त्याला सांगतो की अरे तो देवमासा आहे अजून, वाट बघतोय, आम्ही भेटलोय त्याला. त्या सांगाड्याचं ते रडणं तुम्हाला पूर्ण वसूल व्हायला हवं असेल तर ६२-६३ बघितलेले असायला हवेत, दुसरा मार्ग नाही.

क्रूतल्या रॉबिनचं मात्र सलग बघा, वॉटर सेव्हनपासून एनिस लॉबीपर्यंत, मध्ये ब्रेक नको. आठ वर्षांची पोर, अख्खं ओहारा बेट डोळ्यांसमोर जळालं, आई ओल्विया भेटली ती एका दिवसापुरती, आणि डोक्यावर ७ कोटी ९० लाखांचं बक्षीस. तिला वाचवणारा सॉल सांगतो की जगायला अवघड झालं की हस, असं हस, आणि स्वतःचं ते विचित्र हसणं शिकवतो. बघा म्हणजे, रडू नको हस. चांगल्या मनाने दिलेला सल्ला आणि पोरगी वीस वर्षं त्यात अडकते. २७८ मध्ये ती जगायचंय म्हणून ओरडते तेव्हा तिचा तो शांत, सुंदर चेहरा पार विस्कटलेला आहे, आणि तो तसा विस्कटलेला काढलाय हेच मला आवडतं.

याच धाग्यावर अजून दोन ठिकाणं. ड्रेसरोझा खूप ताणलेलं आहे, शंभराच्या वर एपिसोड, सुरुवातीची तीन-चार मिनिटं ओपनिंग आणि मागच्या भागाची उजळणी ती बिनधास्त पुढे ढकला, पण लॉ आणि कोराझोनचा फ्लॅशबॅक पूर्ण बघा. कोराझोनची पॉवर काय तर आवाज बंद करणं, एवढीच. तो लहान लॉला पेटीत लपवतो, त्याच्यावर शांततेचा मंत्र टाकतो म्हणजे त्याचं रडणं कोणाला ऐकू जाणार नाही, आणि स्वतः गोळ्या खातो. पोरगं बर्फातून हुंदके देत चालतंय आणि आवाज शून्य. मग एकदम आवाज यायला लागतो. म्हणजे मंत्र तुटला, म्हणजे मंत्र टाकणारा गेला. पोराला स्वतःच्याच हुंदक्याने कळतं. मी तिथे पॉज करून पाणी प्यायला उठलो होतो.

दुसरं वानोमधलं एबिसु गाव. तिथल्या गरिबांनी भुकेपोटी खाल्लेल्या बिघडलेल्या फळांमुळे त्यांना हसण्याशिवाय काही करताच येत नाही, दुःख झालं तरी हसणंच बाहेर पडतं. यासुइएला मारतात तेव्हा त्याची चिमुरडी तोको बापाच्या प्रेताजवळ खदाखदा हसतेय. याच वानोच्या शेवटाकडे, १०७१ मध्ये, लफी गिअर फाइव्ह या त्याच्या नव्या रूपात असाच वेड्यासारखा हसतो आणि नेटवर सगळीकडे त्या हसण्याच्याच क्लिप फिरतात. पण तोकोचं हसणं आधी बघितलं असेल तर लफीचं हसणं वेगळं ऐकू येतं. एकीकडे हसायची सक्ती, दुसरीकडे आपल्या मनाने हसणं. लफी साबाओडीला रेली या जुन्या चाच्याला म्हणालेलाच असतो की मला राज्य वगैरे करायचं नाही, या समुद्रावर जो सगळ्यात मोकळा तो पायरेट किंग.

आता एस. हे जरा सविस्तर कारण इथेच सगळे घाई करतात.

एस पहिल्यांदा भेटतो तो अलाबास्ताला. रुबाबदार, जेवता जेवता झोपणारा, आणि निघताना लफीच्या क्रूला हात जोडल्यासारखं म्हणतो की माझा भाऊ जरा वेंधळा आहे, सांभाळून घ्या. जाताना कागदाचा एक तुकडा देतो लफीला. त्या कागदावर लक्ष ठेवा, पुढे कळेल की ज्याचा तो कागद त्याचा जीव जसा कमी होतो तसा तो जळत आकसत जातो. लफी टोपीत जपून ठेवतो. मग थेट मरिनफोर्ड, नौदलाचा तळ, जिथे एसला मारायला आणलंय. एसचा कप्तान व्हाइटबिअर्ड या एका पोराला सोडवायला अख्ख्या नौदलावर चालून जातो, कारण त्याला आयुष्यात खजिना नको होता, घर हवं होतं, सगळ्या क्रूला तो पोरं म्हणतो आणि ती त्याला बाप म्हणतात. त्यांच्यातलाच एक जण फसवला जाऊन त्याच्या छातीत तलवार घालतो तर हा त्याला जवळ घेतो, चूक केलीस तरी पोरगा आहेस माझा. मरतो तो उभ्याने, २६७ तलवारीचे घाव, १५२ गोळ्या, ४६ तोफगोळे, आणि पाठीवर एकही जखम नाही. हे आकडे एरवी मला दिखाऊ वाटले असते, पण बाप पाठ फिरवून पळाला नाही एवढंच सांगायला ते आलेत.

तर एस. सुटला होता. लफीने सोडवला होता. नौदलाचा ॲडमिरल आकाइनू मागून व्हाइटबिअर्डला नावं ठेवतो आणि हा थांबतो, वळतो. इथे प्रत्येक नवीन बघणारा चिडतो, अरे पळ ना बाबा, एवढी माणसं तुझ्यासाठी मेली. मीही चिडलो होतो. चिडाच. फक्त लगेच एसला मूर्ख ठरवून पुढच्या आर्कला जाऊ नका, कारण त्याच्या बालपणाचा फ्लॅशबॅक अजून आलेलाच नाही, तो सुरू होतो ४९४ च्या आसपास, तो मेल्यावर. काही लोक सल्ला देतात की तो फ्लॅशबॅक आधी बघा म्हणजे मरण जास्त लागेल. अजिबात ऐकू नका. माणूस गेल्यावरच तर घरातले जुनं काढून बसतात, तो लहानपणी असा होता, तेव्हा असं म्हणाला होता. माझे आजोबा गेल्यावर पंधरा दिवसांत त्यांच्याबद्दल जेवढं कळलं तेवढं ते असताना तीस वर्षांत कळलं नव्हतं. ओडाने क्रम बरोबर लावलाय.

त्या फ्लॅशबॅकमध्ये कळतं की आधीचा पायरेट किंग रॉजर, त्याचा मुलगा म्हणून जग त्याचा जन्माआधीपासून द्वेष करतंय, आणि दहा वर्षांचा पोरगा लफीच्या आजोबांना, गार्पला, विचारतो की मी जन्मलो ते बरं झालं का. गार्प म्हणतो, जगून बघ, कळेल. मग त्यांना सांभाळणाऱ्या डाडानच्या घरातून चोरलेली दारू, तीन कप, आणि एस, साबो, लफी मानलेले भाऊ होतात. आणि हेही कळतं की हा पोरगा लहानपणापासून मागे कोणी असलं की पळतच नाही. मी पळणार नाही, हे त्याने तेव्हाच म्हणून ठेवलेलं असतं, आणि तेव्हाही मागे लफीच होता. साबो गेला असं समजल्यावर एसच लफीला म्हणतो की आपण असं जगायचं की पश्चात्ताप राहणार नाही, सगळ्यांपेक्षा मोकळं. आणि वर वचन देतो, मी मरणार नाही. आता परत ४८३ आठवा, मरताना तो जे आभार मानतो ना, माझ्यावर प्रेम केलंत म्हणून, ते गार्पला विचारलेल्या त्या प्रश्नाचं उत्तर आहे. त्या मुलाला मी एवढंच पाठवलं होतं, उत्तर, प्रश्न नाहीच.

५०५ वर मग एकटे बसा. लफी बायकांच्या बेटावर जंगलात झाडं-दगडांवर डोकं आपटून घेतोय, कुठला पायरेट किंग, एक भाऊ वाचवता आला नाही मला. (डोकं आपटणारा देवमासा आठवतोय का?) त्याच्यासोबतचा जिनबे त्याला दाबून धरतो आणि म्हणतो, जे गेलं तेच मोजत बसू नकोस, जे नाही ते नाही, तुझ्याकडे अजून काय उरलंय ते बघ. आणि लफी बोटं मोजायला लागतो. झोरो, नामी, उसोप... एकेक बोट. त्यानंतर तो जे रडतो ते भेटायचंय म्हणून रडतो. तानाका बाईंचं म्हणत होतो ते हेच. या एपिसोडनंतर पुढचा लगेच लावू नका.

रक्ताच्या घरांबद्दल थोडक्यात, कारण होल केक आयलंड हा आर्क लांब आहे आणि मला स्वतःला अर्धंच आवडतं. क्रूचा स्वयंपाकी सांजी, त्याचा सख्खा बाप पोराच्या तोंडावर लोखंडी मुखवटा चढवून कोठडीत टाकतो, आणि झेफ, जो कोणीच नाही, ८५ दिवस खडकावर अडकलेला असताना सगळं खाणं त्या पोराला देऊन टाकतो. इथे ॲनिमेने थोडी पळवाट काढलीये, त्यात झेफचा पाय पोराला वाचवताना पाण्यातच जातो, मांगात तो उपासमारीत स्वतःचाच पाय खातो. जमलं तर तेवढी पानं मांगात वाचा. मग ३० व्या एपिसोडमधला निरोप बघा, झेफ पाठमोरा, सर्दी करून घेऊ नकोस एवढंच म्हणतो आणि सांजी जमिनीवर डोकं टेकवून ढसाढसा रडतो. बाकी एगहेडला पोचलात की कुमा आणि बॉनी आहेत, पोरीला बरं करायला बाप स्वतःचं मन, आठवणी, सगळं देऊन टाकतो. तिथे माझी शिकवण लागणार नाही, तोपर्यंत तुम्हाला बघायची सवय झालेली असेल.

एक राहिलं, मेरी. ३१२. क्रूचं जहाज आहे ते, लाकडाचं, आणि लफी स्वतःच्या हाताने त्याला आग लावतो. ज्याला कोणाला वन पीस दाखवायचंय त्याला हा एपिसोड सुटा दाखवू नका, बोट जळतेय आणि दणकट बाप्ये रडतायत असं दिसतं नुसतं, लाज आणाल आमची.

आणि कधीतरी हे सगळं झाल्यावर, वर्षाने म्हणा, ४४ वा परत लावा. नामी गाव सोडून निघते तो. निरोपाला जमलेल्या गर्दीतून ती पळत सुटते, कोणाला थँक्यू म्हणू देत नाही, आणि जहाजावर चढून शर्ट झटकते तर सगळ्या गावाची पाकिटं खाली पडतात. लोक शिव्या घालतायत, हसतायत. त्या गोंधळात गावातल्या गेन्झोच्या टोपीकडे बघा. नामी तान्ही असताना त्याला बघून रडायची, म्हणून ती हसावी यासाठी त्याने टोपीला एक भिरभिरं लावलेलं असतं, ते एवढी वर्षं तसंच होतं. आता टोपीवर नाहीये. बेलमेरच्या थडग्यापाशी रोवलंय, वाऱ्यावर फिरतंय.